नफ्याबाहेरचे प्रश्न

औषध कंपनी एखादी चाचणी हाती घेते तेव्हा तिचा मुख्य प्रश्न ठरलेला असतो : आपले नवे औषध बाजारात आणण्याइतके गुणकारी आणि सुरक्षित आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्यासाठी कंपनी स्वतःचा पैसा घालते, यात गैर काही नाही. पण रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला पडणारे प्रश्न बहुधा वेगळे असतात. दोन औषधे आधीपासून मिळतात, त्यांतले कोणते चांगले? महागाऐवजी स्वस्त दिले तर भागेल का? शस्त्रक्रिया आत्ताच करावी की थांबावे? वर्षानुवर्षे टोचले जाणारे इंजेक्शन मुळात उपयोगी पडते तरी का? यांची उत्तरे मिळाली तर रुग्णाचा जीव वाचतो, घर कर्जात बुडण्यापासून वाचते; पण कोणाच्याही ताळेबंदात जमेच्या बाजूला काही पडत नाही. उलट अनेकदा कोणाची तरी विक्री घटते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या क्लिनिकल संशोधनाचे समर्थन देशाची प्रतिष्ठा, स्वावलंबन, ज्ञानवृद्धी अशा अनेक कारणांनी केले जाते. ती कारणे दुय्यम आहेत. जे प्रश्न बाजार विचारणार नाही ते विचारणे, हे या संशोधनाचे मुख्य काम आहे आणि त्यावरचा खर्च सार्थकी लागला की नाही हेही याच कसोटीवर तपासले पाहिजे.

आधुनिक क्लिनिकल चाचणी घडली ती टंचाईच्या काळात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनजवळ डॉलर नव्हते आणि क्षयावरचे नवे अमेरिकी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सगळ्यांना पुरेल इतके आणणे शक्य नव्हते. तेव्हा मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी संस्थेने संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आराखड्यानुसार १०७ रुग्ण दोन गटांत वाटले. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडले नव्हते. ते यादृच्छिक आकड्यांनी, म्हणजे जवळपास चिठ्ठ्या टाकून ठरले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. औषध सर्वांना मिळणे अशक्यच असल्याने निम्म्यांना ते न देण्यातली नैतिक अडचणही उरली नव्हती. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कौन्सिल तेवढ्यावर थांबली नाही. अनेक रुग्णांच्या शरीरातले जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाल्याचे याच चाचणीत दिसले होते, म्हणून पुढची चाचणी दोन औषधे एकत्र देण्याची झाली. ज्याला एकच औषध विकायचे आहे त्याला पहिला निकाल पुरला असता.

त्याच कौन्सिलने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्याबरोबर १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र उभे केले. त्या काळी क्षय म्हणजे सॅनेटोरियम : मोकळी हवा, अंथरुणातली विश्रांती, दूध-अंडी, आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणे. पाचगणी आणि मिरज ही नावे मराठी घरांत त्या आजाराशी जोडली गेली होती ती यामुळेच. देशातल्या रुग्णांच्या संख्येपुढे मात्र सॅनेटोरियममधल्या खाटा नगण्य होत्या. मद्रासच्या केंद्राने १९३ गरीब रुग्ण घेतले आणि यादृच्छिक पद्धतीने काहींना सॅनेटोरियममध्ये, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून वर्षभर सारखीच औषधे दिली. १९५९ साली निकाल आला : घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण सॅनेटोरियममधल्यांच्या जवळपास होते आणि घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमे ओस पडण्यामागे नव्या औषधांबरोबर या एका चाचणीचाही हात आहे. खाटा बांधण्यावर जो पैसा खर्च झाला असता तो औषधांकडे वळवता आला. असा निष्कर्ष काढण्यात कोणत्या खासगी गुंतवणूकदाराला रस असणार?

या गोष्टीला पुढे एक कडू बाजूही निघाली. घरी राहिलेल्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, तरी ते औषधांनी बरे झाले. त्यावरून क्षयाच्या कार्यक्रमात पोषणाचा प्रश्न हळूहळू मागे पडला. चाचणीने सांगितले होते ते इतकेच की औषध नीट घेतले तर बरे होण्यासाठी सॅनेटोरियमच्या ताटाची अट नाही. व्यवहारात त्याचा अर्थ ‘अन्न महत्त्वाचे नाही’ असा घेतला गेला. ही चूक दुरुस्त व्हायला सहा दशके लागली आणि दुरुस्तीही सार्वजनिक पैशानेच झाली. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या खर्चाने ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. २,८०० क्षयरुग्णांच्या घरातली १०,३४५ माणसे तीत होती. एका गटातल्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटात अन्नाची मदत फक्त रुग्णालाच होती. मदत मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाचे पेटंट कोणी घेऊ शकत नाही, त्यामुळे त्यांची चाचणीही दुसऱ्या कोणी केली नसती. निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबर २०२४पासून केंद्र सरकारने क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी मासिक रक्कम ५०० रुपयांवरून १,००० रुपये केली.

बाजाराला नको असलेल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले आणि डोळ्यांचे आहे. म्हातारपणी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नको त्या रक्तवाहिन्या वाढून नजर जाते. त्यावर जेनेनटेक कंपनीने रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन काढले. एका मात्रेची किंमत सुमारे २,००० डॉलर. त्याच कंपनीचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध आतड्याच्या कर्करोगावर आधीच बाजारात होते आणि दोन्हींची काम करण्याची तऱ्हा एकच. नेत्रतज्ज्ञांनी कर्करोगाच्या औषधाच्या कुपीतून छोटे भाग काढून ते डोळ्यात द्यायला सुरुवात केली. त्याला मात्रेमागे ५० डॉलरच्या आसपास खर्च येई. दोन्ही सारखीच उपयोगी आहेत का, हे जाणण्याची निकड प्रत्येक म्हाताऱ्या रुग्णाला आणि त्याचे बिल भरणाऱ्या सरकारी विमा योजनेला होती. दोन्ही औषधे जिची होती त्या कंपनीला मात्र हा सामना लावून मिळवण्यासारखे काहीच नव्हते. अखेर नॅशनल आय इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेने सुमारे १,२०० रुग्णांवर चाचणी केली आणि २०११ साली उत्तर आले : वर्षभरानंतरची नजर दोन्ही गटांत सारखीच. २०१३ साली बेव्हॅसिझुमॅब जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेले. कंपनीने यात कोणताही गुन्हा केला नव्हता. तिने औषध शोधले, किंमत लावली आणि आपल्या फायद्याविरुद्धचा प्रश्न विचारला नाही. तो विचारण्याची जबाबदारी तिची होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतात या परंपरेचे ठसठशीत काम मुंबईत झाले आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून उघडले आणि १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेच्या खात्याकडे असणे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण किरणोपचारांच्या धाग्याने ही सोयरीक जुळली आणि ती रुग्णांच्या पथ्यावर पडली. देशभरातून येणाऱ्या रुग्णांची संख्या प्रचंड, बरेचसे गरीब, आणि डॉक्टर पूर्णवेळ पगारी. अशा ठिकाणी पडणारे प्रश्न आपोआपच वेगळे असतात.

तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. तंबाखू, मिसरी आणि गुटख्याच्या देशात हा कर्करोग शल्यचिकित्सकाच्या रोजच्या कामातला. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्यात, की त्या पुढे सुजल्या तरच काढाव्यात? पहिल्या मार्गात अनेकांवर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होते, दुसऱ्यात काहींची वेळ हुकते. यावर जगभरचे तज्ज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ वाद घालत होते आणि प्रत्येक जण आपापल्या गुरूच्या मताप्रमाणे वागत होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४पासून रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून हा वाद तडीला नेला. पहिल्या ५०० रुग्णांच्या निकालात ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांवर ही जादा शस्त्रक्रिया केली की एकाचा मृत्यू टळतो. २०१५ साली हे संशोधन न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले आणि जगातल्या शल्यचिकित्सकांनी आपली रीत बदलली. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर मालकी हक्क नसतो. हा प्रश्न सार्वजनिक रुग्णालयाने सोडवला नसता तर आणखी पन्नास वर्षे लोंबकळत राहिला असता.

स्तनाच्या कर्करोगात डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली आणखी साधी कल्पना तपासली गेली : गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना वापरतात तसले भूल देणारे औषध, टोचायचे. भारतातल्या ११ केंद्रांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. खर्च नगण्य. इतक्या सोप्या उपायाचा इतका परिणाम पाहून शंका येणे स्वाभाविक आहे आणि दुसऱ्या देशात कोणीतरी ही चाचणी स्वतंत्रपणे करून पाहणे आवश्यकच आहे. तिथेही पैसा सार्वजनिकच लागेल, कारण लिडोकेन विकून श्रीमंत होण्याचे दिवस केव्हाच सरले.

याच रुग्णालयात डोके-मानेच्या पुढच्या अवस्थेतल्या कर्करोगासाठी निव्होलुमॅब हे महागडे प्रतिकारशक्ती-औषध अत्यल्प मात्रेत देऊन पाहिले गेले : तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, जिथे प्रचलित मात्रा दोन आठवड्यांतून २४० मिलिग्रॅम आहे. स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला या थेंबभर औषधाची जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. इथे एक सावधगिरी हवी. तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, औषध अजिबात न मिळण्याशी होती. त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली आहे, असे यातून सिद्ध होत नाही. पण पूर्ण मात्रा परवडणारे रुग्ण या देशात मूठभर असल्याने बाकीच्यांपुरता खरा पर्याय ‘काहीच नाही’ हाच होता. मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न विक्रेत्याकडून येण्याची अपेक्षा करता येत नाही.

उपाय निकामी ठरवणारे संशोधन हे सार्वजनिक पैशाचे कदाचित सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी कौतुक होणारे फळ आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी औषधे अमेरिकेत सर्रास दिली जात. तर्क बिनतोड होता. १९८९ साली तिथल्या सरकारी हृदयसंस्थेच्या चाचणीत दिसले की एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड घेणारे रुग्ण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त मरत होते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याची प्रथा कित्येक दशकांची. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०,००८ रुग्णांवर ती तपासली तेव्हा दोन आठवड्यांतले मृत्यू स्टिरॉइड घेतलेल्यांत २१.१ टक्के आणि न घेतलेल्यांत १७.९ टक्के निघाले. प्रत्येक डॉक्टरने आपला रुग्ण वाचवण्यासाठी मनापासून जे दिले, त्याने माणसे दगावत होती, आणि एकेका खाटेशी उभे राहून ते कोणाला कळणे शक्य नव्हते. तीन टक्क्यांचा फरक अनुभवाच्या डोळ्यांना दिसत नाही.

करोनाच्या साथीत हेच प्लाझ्माच्या बाबतीत घडले. बरे झालेल्या माणसाचा रक्तद्रव दुसऱ्याला देण्याची कल्पना इतकी पटण्याजोगी होती की नातेवाईक समाजमाध्यमांवर दात्यांसाठी टाहो फोडत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी केली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापला : उपयोग नाही. साथीच्या धामधुमीत भारतात झालेले हे अव्वल दर्जाचे काम होते. तरीही राष्ट्रीय उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला. मधल्या काळात दुसरी लाट शिगेला पोचली आणि लोक प्लाझ्मासाठी वणवण फिरतच राहिले. संशोधनाला पैसा देणारी संस्था आणि उपचार-सूचना ठरवणारी यंत्रणा यांत एवढे अंतर असेल, तर पहिलीने केलेला खर्च निम्मा वाया जातो.

ब्रिटनमध्ये त्याच वेळी हे अंतर जवळजवळ नाहीसे झाले होते. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत पहिला रुग्ण मार्च २०२०मध्ये दाखल झाला आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडचा निकाल आला : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर. त्याच दिवशी तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने ते औषध उपचारात घेतले. याच चाचणीने ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता अशांना स्टिरॉइडचा फायदा नसल्याचेही सांगितले होते. भारतात अनेक ठिकाणी सौम्य रुग्णांनाही ते दिले गेले, ही वेगळी शोकांतिका. हे यश प्रतिभेपेक्षा व्यवस्थेचे होते. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ रिसर्च ही संस्था २००६पासून रुग्णालयांत संशोधनासाठी परिचारिका आणि कर्मचारी नेमत आली होती. अर्ज आटोपशीर, नोंदणी संगणकावर काही मिनिटांत, आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींतून कळणार. डॉक्टरवर पडणारे जादा काम इतके कमी होते की साथीतही ते झेपले.

सार्वजनिक पैसा म्हणजे पावित्र्याचा दाखला नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनेच १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी इथल्या ३९९ उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हाती आल्यावरही, उपचारांविना ठेवून रोग कसा वाढतो ते पाहिले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही एक वादग्रस्त चाचणी झाली. १९९८पासून टाटा मेमोरियलने अमेरिकी सरकारच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या पैशातून सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरमधले आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली. तपासणीच्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष मोठा होता, पण दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा प्रश्न उठला. भारतात तशी तपासणी मिळतच नाही, म्हणून ‘काहीच नाही’ हीच इथली प्रचलित सेवा, असे संशोधकांचे उत्तर होते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी पुरेसे नाही. सरकारी निष्क्रियतेलाच प्रमाण मानून तुलना करायची, तर तिचे फळ त्याच वर्गातल्या स्त्रियांपर्यंत पोचवण्याचे बंधन आधीच लिहून घेतले पाहिजे. २०१६ साली केंद्राने या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी ती कधी करून घेतली होती.

प्रश्न कोण निवडतो, हाही पैशाइतकाच कळीचा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये गुडघेदुखीवरच्या संशोधनाची पाहणी झाली तेव्हा बहुतेक चाचण्या औषधांच्या निघाल्या. रुग्णांना मात्र व्यायाम, शस्त्रक्रिया आणि दुखण्यासह जगणे यांविषयी जाणून घ्यायचे होते. २००४ साली तिथे जेम्स लिंड अलायन्स स्थापन झाली ती रुग्ण आणि डॉक्टर यांना एका टेबलावर बसवून संशोधनाचे विषय ठरवण्यासाठी. इयान चामर्स आणि पॉल ग्लाझिओ यांनी २००९ साली अंदाज मांडला की वैद्यकीय संशोधनातली सुमारे ८५ टक्के गुंतवणूक वाया जाते : प्रश्न चुकीचा, आराखडा कच्चा, निकाल छापलेलाच नाही किंवा छापला तो वापरता येण्याजोगा नाही. सरकारी पैसा या दोषांतून आपोआप सुटत नाही.

भारतात या वाया जाण्याचा एक खास प्रकार आहे. एमडी किंवा एमएस होणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. विषय मार्गदर्शकाच्या सवडीचा, रुग्ण पन्नास-शंभर, वेळ रात्रपाळ्यांतून चोरलेला. इतक्या थोड्या रुग्णांतून दोन-तीन टक्क्यांचा फरक कधीच दिसू शकत नाही, हे मार्गदर्शकालाही ठाऊक असते. प्रबंध बांधला जातो, परीक्षा होते, ग्रंथालयातले एक कपाट आणखी भरते. या सगळ्या श्रमाला एका सामाईक प्रश्नाची वेसण घातली, तर तेच निवासी डॉक्टर, तेच रुग्ण आणि तोच वेळ यांतून हजारो रुग्णांच्या चाचण्या उभ्या राहतील. सर्पदंश, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, नवजात बालकांतला जंतुसंसर्ग, भाजलेल्या जखमा, कीटकनाशकाची विषबाधा हे आपल्या शासकीय रुग्णालयांत रोज दिसणारे आणि कंपन्यांना न खुणावणारे विषय आहेत.

त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी तयारही आहेत. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७पासून चालू आहे आणि २००९पासून नोंदणी सक्तीची आहे. कर्करोगापुरते सांगायचे तर २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली रुग्णालये एका जाळ्यात आणली आहेत. उणीव आहे ती माणसांची : रुग्णाला चाचणी समजावून सांगणारी, त्याच्या भाषेत संमती घेणारी, सहा महिन्यांनी तो गावी कसा आहे याची फोन करून चौकशी करणारी परिचारिका आणि संख्याशास्त्र जाणणारा एखादा पूर्णवेळ सहकारी. ही पदे प्रकल्पापुरती, वर्षा-दोन वर्षांच्या करारावर भरली जातात. प्रकल्प संपला की शिकलेली माणसे पांगतात आणि पुढच्या चाचणीची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मंजूर पदांत अशी कायम पदे घालणे हा संशोधन निधीचा विषय नसून आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांच्या वेतन-अंदाजपत्रकाचा विषय आहे.